पुण्याचं पाणी

पावसाळ्यात आमच्या गावात दोन गोष्टींची चौकशी रोज होते. दौंडला विसर्ग किती, आणि पुण्यातला भिडे पूल बुडाला का.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. आमच्या शिवारात पाऊस कमी-जास्त झाला तरी एक वेळ निभावतं. पण तिकडं डोंगरात पाऊस व्हावा लागतो. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की ते मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि दौंडवरून आमच्या दाराशी पोचतं. म्हणून टीव्हीवर भिडे पूल पाण्याखाली गेलेला दिसला की पारावर तंबाखू मळता मळता कुणीतरी खुशीत म्हणतो, "बुडाला बरं का." पुण्याच्या माणसाला त्या दिवशी वळसा घालून कामाला जावं लागतं, आणि इकडं आमच्या उसाला नि केळीला वर्षाचा भरवसा मिळतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं होतं. उणे म्हणजे, जे पाणी उचलायचं नाही असं ठरलेलं असतं, त्यालाही हात लागलेला. मग जुलैच्या पंचवीस तारखेला पुण्यात हाहाकार झाला. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, माणसांना होडीतून बाहेर काढायची वेळ आली. ते बघताना जीव तुटत होता, आणि बोट मात्र मोबाइलवर दौंडचा आकडा शोधत होतं. ऑगस्ट उजाडला आणि उजनी भरली. आपलं सुख दुसऱ्याच्या घरातल्या चिखलातून यावं, हे काही बरं वाटत नाही. पण आहे हे असं आहे.

हे झालं पावसाळ्याचं. बाकीचे महिने पुण्याचं नि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही ह्याच वाटेनं खाली येतं. काठाला हिरवा तवंग धरतो, जलपर्णी साचते, उन्हाळ्यात पाण्यात उतरलं तर अंगाला खाज सुटते. तेव्हा 'पुण्याचं पाणी' म्हणलं की आमच्या मनात दोन अर्थ उभे राहतात. तिसरा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोरगं शिकायला गेलं आणि सुट्टीत येऊन वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारायला लागलं, की त्याला पुण्याचं पाणी लागलं.

आमच्या धाकट्या लेकीला ते लागलं, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं.

मला तिघं लेकरं. थोरली दिली, मधला शेती बघतो. धाकटी करमाळ्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झाली आणि पुण्याला डेक्कन कॉलेजला एम.ए. करायला गेली. विषय भाषाशास्त्र. हा शब्द घरात आला तेव्हा आमचे थोरले दादा, म्हणजे माझे मोठे भाऊ, जेवता जेवता थांबले. म्हणाले, "भाषेचं कसलं आलंय शास्त्र? बोलायला काय पुण्याला जाऊन शिकावं लागतंय? मग हितं आपण काय हंबरतोय का काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला त्या विषयाचं कुतूहल होतं, कारण माझं स्वतःचं शिक्षण मधेच पाण्यात गेलेलं. हे अलंकारानं लिहीत नाही. मी १९७७ ला दहावी झालो आणि त्याच काळात उजनीचं पाणी गावाकडं सरकत होतं. घर सोडायचं, वासे-दगड सुट्टे करायचे, बैलगाडीत घालून वर माळावर न्यायचे, हेच माझं अकरावी-बारावी. १९८० ला धरण पुरं झालं तोवर आमचं जुनं गाव, नदीकाठची मळई, आज्यानं खणायला घेतलेली आणि बापाच्या हयातीत पाण्याला लागलेली विहीर, सगळं खाली गेलं. पुढं मी तालुक्याच्या वाचनालयातनं पुस्तकं आणून वाचत राहिलो, सुचेल तसं लिहीत राहिलो. कागदावर मात्र दहावीच.

त्या उणे साठच्या उन्हाळ्यात जुनं गाव वर आलं. देवळाचं जोतं, वेशीचे चिरे, घरांच्या पायाच्या ओळी. गाळ वाळून भेगाळलेला. धाकटी सुट्टीला आली होती. रोज सकाळी मला घेऊन जायची आणि हातात वही घेऊन विचारायची, "आण्णा, हितं काय होतं? ह्याला काय म्हणायचे?" मी सांगायचो. ही मोटंची धाव. हे थारोळं, मोट हितं रिकामी व्हायची. पलीकडं नदीचा उतार, तिथनं पायी जायचे. पाणी असलं की गुळाच्या काहिलीत बसून, नाहीतर सांगडीवर. सांगड म्हणजे वाळल्या भोपळ्यांची. ती सगळं लिहून घ्यायची, पुन्हा म्हणायला लावायची, मोबाइलवर आवाज भरून घ्यायची. लांबनं बघणारे म्हणत असतील, चौसष्ट वर्षांचा बाप आणि पदवी झालेली लेक, दगडांकडं बोटं करत काय हिंडतात.

आणि तिकडं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात कायम, घरची बागायत, मागणी काही नाही. अट एकच, मुलीनं आता पुढं शिकू नये. दादांनी मध्यस्थाला शब्द दिला नव्हता, पण देण्याच्या बेतात होते. धाकटीनं फोनवर सांगितलं की एम.ए. नंतर तिला नेट द्यायची आहे, पीएच.डी. करायची आहे. दादा म्हणाले, "गणपतीच्या आत त्यांना काय ते सांगायचंय. तू जा आन् तिला घेऊनच ये." बायको चुलीपाशी होती. ती तिथनंच म्हणाली, "आधी बघून या. मग काय ते ठरवा."

श्रावण संपता संपता मी जेऊरला गाडीत बसलो. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि लेकीला आवडतो म्हणून शेवग्याचा पाला.

पुण्यात मी आधी गेलो नव्हतो असं नाही. पण आमच्यासारख्यांचं पुणं म्हणजे मार्केट यार्ड, ससून हॉस्पिटल, आणि आषाढीत पालखीबरोबर गेलो तर नाना पेठेतल्या, भवानी पेठेतल्या दोन रात्री. माल विकायचा, दुखणं दाखवायचं, नाहीतर देवाच्या नावानं चालत पुढं जायचं. ह्या शहरात नुसतं बघायला म्हणून मी पहिल्यांदा गेलो.

उतरलो हडपसरला भाच्याकडं. हडपसर, मांजरी, फुरसुंगी ह्या बाजूला आमच्या तालुक्यातली इतकी माणसं आहेत की गावात भेटत नाहीत ती तिथं भेटतात. भाचा टेम्पो चालवतो. त्यानं मला शहाणं केलं. म्हणाला, "मामा, पुण्यात वाट विचारली की माणूस सांगतो. पण एकदाच सांगतो. दुसऱ्यांदा विचारायचं नाय."

दुसऱ्या दिवशी येरवड्याला डेक्कन कॉलेजात गेलो. आत शिरलो आणि शहराचा आवाज मागं राहिला. मोठाली झाडं, जुनी दगडी इमारत, कमानी. लोकमान्य टिळक इथंच शिकले. लेक पुढं होऊन माहिती देत होती. १८२१ साली विश्रामबागवाड्यात ही संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झाली, पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशावर. मी विचारलं, "तवा आपल्यातलं कुणी होतं का शिकायला?" ती म्हणाली, "नव्हतं आण्णा. तेव्हा फक्त ब्राह्मणांसाठी होती." तिनं हे सहज सांगितलं, रागानं नाही. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या गळ्यात त्याच कॉलेजचं ओळखपत्र होतं.

मग तिनं मला संस्कृत शब्दकोशाचा विभाग दाखवला. कपाटं, आणि त्यात खणच खण. खणात चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कुठल्या ग्रंथात आला, कशा अर्थानं आला. असे साधारण दीड हजार ग्रंथ वाचून काढलेत आणि चिठ्ठ्या कोटीच्या आसपास आहेत. काम सुरू झालं १९४८ साली. पहिला खंड निघाला १९७६ ला, म्हणजे मी नववी-दहावीत होतो तेव्हा.

"मग आता कुठवर आलं?" मी विचारलं.

"अ चाललाय."

मला वाटलं मस्करी करते. पण खरंच. पस्तीसच्या आसपास खंड निघाले आणि अजून 'अ' हे अक्षर संपलेलं नाही. आमच्या शाळेत गुरुजी सहा महिन्यांत अ पासून ज्ञ पर्यंत उरकायचे. मी हसलो, पण बाहेर आल्यावर हसू ओसरलं. ज्यांनी पहिल्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतले कितीक आज नाहीत. शेवटचा खंड आपल्याला बघायला मिळणार नाही, हे ठाऊक असूनच ते रोज येऊन बसले असणार. मला आज्याची विहीर आठवली. तोही पाणी बघायला उरला नव्हता. कामाची ही तऱ्हा मला परकी वाटली नाही.

तिथलं संग्रहालय बघताना तर मी अर्धा तास एका जागी उभा होतो. शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे. १९६८ पासून पुढं बारा-पंधरा वर्षं ह्या कॉलेजच्या लोकांनी तिथं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपलीकडचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. शंभरावर घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा, जळून कोळसा झालेलं सातूचं धान्य. पाणी वळवून आणायचा पाट सुद्धा. लहान लेकरू गेलं तर त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातच जमिनीखाली पुरायचे. लेक म्हणाली, "लांब जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना." शेवटी शेवटी पाऊस हटला असावा, कारण चौकोनी ऐसपैस घरं गेली आणि लहान गोल खोपटी आली. मग गावच उठलं.

घोड नदी पुढं भीमेलाच मिळते. म्हणजे तेही आमच्याच पाण्यावरचे. दुष्काळात घर बारीक होत जातं, हे मला कुणी उत्खननातनं सांगायची गरज नव्हती. पण पुस्तकं शिकलेली माणसं वर्षानुवर्षं उन्हात बसून, ब्रशनं माती झाडून, एका शेतकऱ्याची चूल शोधत होती, ह्याचं मला फार वाटलं. लायब्ररीत तिनं अजून एक नाव दाखवलं. इरावती कर्वे इथं शिकवायच्या. कोयना धरणानं उठलेल्या माणसांची पाहणी त्यांनी आणि जाई निंबकरांनी केली, ती १९६९ साली छापली गेली. पुस्तक इंग्रजीत. लेक पानं उलटून एकेक परिच्छेद मला मराठीत सांगत होती आणि मी मान डोलवत होतो. गावं निराळी, नदी निराळी, पण सांगणं ओळखीचं होतं.

"तू काय करणार मग पुढं?" मी विचारलं.

"हेच. आपल्याकडचे शब्द. इथल्या लोकांनी महाराष्ट्रभर हिंडून बोलींची पाहणी केलीय. एकाच नात्याला, एकाच वस्तूला कुठं काय म्हणतात ते नोंदवलंय. मला धरणाखाली गेलेल्या गावांचं करायचंय. वस्तू गेली की शब्द जातो आण्णा. धाव गेली, थारोळं गेलं. तुमच्यानंतर 'सांगड' म्हणल्यावर कुणाला काय दिसणार?"

मी उत्तर दिलं नाही. पण दादांच्या त्या प्रश्नाचं, भाषेचं कसलं आलंय शास्त्र ह्याचं उत्तर मला मिळालं होतं.

संध्याकाळी तिनं मला नाटकाला नेलं. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर आहे, तिथं पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका चालू होत्या. १९६३ पासून ही कॉलेजांची स्पर्धा चालते. पन्नासेक कॉलेजं येतात, पोरंच लिहितात, पोरंच बसवतात. थेटर गच्च भरलेलं. "आव्वाज कुणाचा" म्हणून पोरं अशी ओरडत होती की मला आमच्या जत्रेतल्या कुस्त्या आठवल्या. पावसात चिंब भिजून आलेली, खिशात बसभाड्यापुरते पैसे असलेली ती पोरं, आणि तोंडावर केवढा आनंद. त्या आवाजानंच मला निम्मं पुणं आवडून गेलं.

पहिली एकांकिका लागली. तीत एक खेडेगाव होतं. फेटा बांधलेला सरपंच, गुडघ्यावर धोतर, आणि दर वाक्याला "काय वो पावनं" नि "व्हय जी". सगळी पात्रं जिवाच्या आकांतानं ओरडत होती. लोक हसत होते. माझ्या मागच्या रांगेतलं एक पोरगं शेजारच्याला तसंच बोलून दाखवायला लागलं. मी फेटा बांधत नाही, पण त्या वेळी मला उगीच डोक्याला हात लावून बघावं वाटलं. लेक माझ्याकडं न बघता समोर बघत होती.

मध्ये पडदा पडला तेव्हा मी तिला म्हणालो, "नाटकातली गावाकडची माणसं एवढी वरडत्यात का? आपण वरडतो व्हय?"

ती म्हणाली, "शेतात वरडतो. लांबच्याला हाक मारताना. घरात नाही."

खरं होतं. आमच्याकडं घरातलं महत्त्वाचं बोलणं दबक्या आवाजातच होतं. कर्जाचं, आजारपणाचं, वाटणीचं, पोरीच्या लग्नाचं. जितकी गोष्ट मोठी तितका आवाज बारीक.

दुसऱ्या एकांकिकेत दोनच माणसं होती. म्हातारा, म्हातारी आणि न दिसणारा बैल. उद्या बैल बाजारात न्यायचा आहे, एवढंच. म्हातारीचं काम करणारी मुलगी पुण्यातलीच वाढलेली, आमच्या लेकीची मैत्रीण. ती महिनाभर रोज हिच्याकडं येऊन बोलायला शिकली होती. कुठला शब्द कुठं ओढायचा, कुठं गिळायचा, 'न्हाय' म्हणताना मान कशी हलते. ती रंगमंचावर बोलायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती माझ्या आईच्या आवाजात बोलत होती. अगदी हळू. "दाव्याला हात नगा लावू, रात्रभर असू द्या," असलं साधं वाक्य. एवढ्या मोठ्या थेटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मागचं पोरगंही गप्प. तेच शब्द होते, ज्यांना तासाभरापूर्वी लोक हसले होते.

बाहेर पडल्यावर ती मैत्रीण धावत आली, माझ्या पाया पडली आणि विचारलं, "काका, कुठं चुकलं का?" मी म्हणालो, "बाळा, बैलाच्या पाठीवर हात फिरवताना तू त्याच्या तोंडाकडं बघत होतीस. आपला बैल असला की बघावं लागत नाही." तिनं ते लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. मला हसू आलं. पुण्यात काही बोलायची सोय नाही, लिहून घेतात.

तिसऱ्या दिवशी पेठा हिंडलो. बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा बघितली. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथं सुरू केली. मोडकळीला आलेला जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, आता स्मारक व्हायचं आहे. बघायला काही नाही, तरी लेक पाचेक मिनिटं तिथं थांबली. विश्रामबागवाडा तिथनं जवळच. एका शाळेपासून दुसऱ्या शाळेपर्यंत आपण चालत किती मिनिटांत गेलो, ते मी मोजलं नाही, पण मधली सत्तावीस वर्षं मात्र मोजली.

मग फुलेवाडा. लहानसं, शेणानं सारवल्यासारखं वाटणारं घर. अंगणातला तो पाण्याचा हौद, १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्यांना खुला केलेला. इथंही पाणीच. 'शेतकऱ्याचा असूड' मी विशीत वाचलं होतं, ते १८८३ सालचं. त्यात शेतकऱ्याचं दुखणं तर आहेच, पण तळी बांधा, बंधारे घाला, पाणी अडवून शेताला द्या हेही आहे. हा माणूस बांधकामाचे ठेके घेणारा होता, पाणी नि दगड दोन्हीची त्याला माहिती होती. त्यानं शाळा आणि पाणी ह्या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्या नाहीत. मला वाटतं आमच्या पिढीच्या वाट्याला नेमकी उलटी गोष्ट आली. पाणी आलं आणि शाळा गेली.

जाता जाता अप्पा बळवंत चौकात शिरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला पुस्तकंच पुस्तकं, आणि त्यांतली निम्मी स्पर्धा परीक्षेची. पाठीवर सॅक लावलेली, गाल बसलेली गावाकडची पोरं चहाच्या गाडीपाशी उभी होती. एकाला विचारलं, कुठला बाळ? म्हणाला परंड्याचा. कितवं वर्ष? "पाचवं, काका." पुढं काय विचारावं ते सुचलं नाही. त्याच्या चहाचे पैसे दिले. पुण्याचं हेही पाणी आहे. सगळ्यांनाच मानवतं असं नाही, आणि घरी सांगताना हे झाकून ठेवायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

परतायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बंडगार्डनच्या पुलावर गेलो. मुळा आणि मुठा वरच्या अंगाला संगमावर मिळून एक होतात आणि ह्या पुलाखालनं खाली जातात. पाणी गढूळ, काठाला प्लास्टिक अडकलेलं, मधनंच जलपर्णीचे पुंजके वाहत चाललेले. वास येत होता. मी म्हणालो, "हे आपल्याकडं कधी पोचंल?"

"दोन-तीन दिवसांत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आण्णा, तुम्ही मला न्यायला आलाय ना?"

"बघायला आलोय," मी म्हणालो. "तुझ्या आईनं तेवढंच सांगितलंय."

तिनं पिशवीतनं कागद काढला. हिशेब होता. मेस किती, खोली किती, फी किती, शिष्यवृत्तीतनं किती सुटले, घरनं किती आले. पैशा-पैशाचा. खाली पुढचं लिहिलेलं. डिसेंबरची नेट परीक्षा. फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे घरनं काही नको.

"आणि नाही मिळाली तर?"

"जूनला परत देईन. तोवर शिकवण्या घेईन. दोनदा नाही मिळाली तर घरी येईन आणि नोकरी बघेन. पाच वर्षं नाही बसणार, आण्णा. मी पण बघते त्या पोरांना." मग म्हणाली, "पण शब्द गोळा करायचं सोडणार नाही. त्याला कुणाची फेलोशिप लागत नाही."

मी खूप वेळ पाण्याकडं बघत होतो. पुण्यानं वापरलेलं पाणी आम्ही चाळीस वर्षं पितोय. त्या बदल्यात आम्ही इकडं काय पाठवतो? ऊस, केळी, भाजीपाला, आणि पोरं. पोरं येतात ती बहुतेक इथलीच होऊन जातात. ही एक अशी होती जी इथं येऊन आमच्याकडं तोंड करून बसली होती. तिला इथनं उचलून नेऊन कारखान्याच्या कॉलनीत ठेवायचं, आणि 'पुढं शिकायचं नाही' असं तिच्या वतीनं मी कबूल करायचं. माझं शिक्षण धरणानं नेलं होतं, त्याला इलाज नव्हता. हे माझ्या हातात होतं.

मी तिथनंच दादांना फोन लावला. पुलावर गाड्यांचा आवाज, पण मला ओरडून बोलावं वाटलं नाही. म्हणालो, "दादा, पोरगी येत नाय. त्यांना नाही म्हणून सांगा. नाव माझं सांगा." पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "तुलाबी लागलं वाटतं पाणी," आणि फोन ठेवला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शेवगा खाल्ला का तिनं?"

दादा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मध्यस्थ गावातनं जाताना मान वळवून जायचा. खोडव्याच्या बिलातनं ठिबकची नवी नळी घ्यायची होती, ती पुढं ढकलली आणि पैसे लेकीच्या खात्यावर टाकले. मधल्या लेकाला ते फारसं रुचलं नाही, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्याला मी हिशेबाचा कागद दाखवला आणि दोन परीक्षांची मुदत सांगितली. तो म्हणाला, "दोन म्हंजे दोन." ठरलं.

दिवाळीत धाकटी आली. वही घेऊन माझ्यापुढं बसली. मोटेचे शब्द चालले होते. मी सांगत होतो, मोटेला दोन दोर, एक जाड, तो नाडा, दुसरा बारीक, सोंडेला बांधलेला, तो... आणि मला तो शब्द आठवेना. जिभेवर होता आणि येईना. दादा ओसरीवर पाठमोरे बसले होते. अडकित्ता चालू होता. तो थांबला.

"सोंदूर," ते म्हणाले. वळले नाहीत. "मोट ह्यानं हाकलीय कधी? मी हाकत होतो. हा नुसता दारं धरायचा."

लेक वही उचलून त्यांच्यापुढं जाऊन बसली. मग दोन तास दादा बोलत होते. कणा, चाक, धाव, नाडा तुटला तर काय करायचं, बैल मागं सरताना त्याला काय म्हणायचं, पहाटे मोटेवर कोण काय गायचं. मधेच उठून त्यांनी हातानं करून दाखवलं, बहात्तर वर्षांच्या वयात, रिकाम्या ओसरीवर, नसलेल्या नाड्यावर बसून. आवाज हळू. मी आत कणगीपाशी उभा राहून ऐकत होतो. त्यांतले सहा-सात शब्द मीही विसरलो होतो.

शेवटी ते म्हणाले, "लिहिलं का नीट?"

"लिहिलं."

"वाच."

तिनं वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली. मग सुपारी तोंडात टाकत म्हणाले, "आन् लग्नाचं काय?"

"करीन की मोठे आण्णा. आधी 'अ' तरी संपू द्या."

दादांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि हसता हसता मी बाहेर निघून गेलो. हे लिहितोय तेव्हा नेटची परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे.